कठडा पलंगाला जोडा

इमारतीतले लोक त्यांना पत्रककार म्हणतात. पत्रकार नव्हे, पत्रककार. आधी पत्रकारच म्हणायचे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एकदा ‘आमच्या नळाला पाणी येत नाही, जरा पेपरात छापून आणा’ म्हणून गळच घातली, तेव्हा त्यांना खुलासा करावा लागला, की आजी, मी बातम्या लिहीत नाही. मिक्सर, हीटर, खोकल्याचं औषध यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली पत्रकं असतात ना, ती मी इंग्रजीतून मराठीत आणतो.

आजी विचारात पडल्या. “ती कुणी लिहितं होय?” त्या म्हणाल्या, “मला वाटलं, ती खोक्यातच उगवतात.”

तेव्हापासून पत्रककार.

त्यांच्या लिखाणाचा खप बघितला तर भल्याभल्या लेखकांनी तोंडात बोट घालावं. ‘उपकरण पाण्यात बुडवू नये’ हे त्यांचंच. ‘लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे’ हेही त्यांचंच. त्यांचं वाङ्मय ज्या घरात पोचलं नाही असं घर सापडायचं नाही, आणि ते ज्यानं वाचलं असा माणूसही सापडायचा नाही. खोकं उघडलं की माणूस आधी पत्रक भिरकावतो, मग यंत्र बिघडवतो आणि मग पत्रक शोधायला लागतो. तोवर ते रद्दीत गेलेलं असतं. खुद्द पत्रककारांच्या घरात त्यांच्या उत्तमोत्तम पत्रकांची घडी करून बायकोनं डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली होती. “तुमच्या लिखाणाचा आधार आहे हो घराला,” ती म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय का, आता?’ असं विचारून घरी येते, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नाही.

आपलं कुणी वाचत नाही, या दुःखाची पत्रककारांनी सवय करून घेतली होती. पण या वर्षी त्यांच्या डोक्याला जो ताप झाला तो एका इंग्रजी क्रियापदानं. ते क्रियापद म्हणजे ‘अटॅच’.

दिसायला साधं. मराठीत तर ते आता घरजावयासारखं राहतं. कुणी मेलला फाइल अटॅच करतो. कुणाच्या खोलीला बाथरूम अटॅच असतं. कुणाचा नातू आजीला फार अटॅच असतो. एखाद्या कारकुनाला उचलून दुसऱ्या कचेरीला अटॅच करतात आणि तो तिथे रिटायर होईपर्यंत परका राहतो. पत्रककारांना या सगळ्याचं काही नव्हतं. त्यांचं भांडण होतं ते पलंगाशी.

एका कंपनीनं म्हाताऱ्या माणसांसाठी एक पलंग काढला होता. उंची बरोबर, पायांना चाकं, आणि एका बाजूला धरून उठायला कठडा. हा पलंग खोक्यातून सुटा सुटा येतो आणि घरच्यांनी तो उभा करायचा असतो. इंग्रजी पत्रक लिहिणाऱ्याला बहुतेक दुसरं क्रियापद ठाऊकच नव्हतं. चाक पायाला अटॅच करा. फळी चौकटीला अटॅच करा. पट्टा गादीला अटॅच करा. कव्हर गादीच्या कडेला अटॅच करा. कठडा पलंगाला अटॅच करा.

पत्रककारांनी मन लावून काम केलं. चाक पायात ‘फिरवून बसवा’, फळी स्क्रूनं ‘पक्की करा’, पट्टा ‘बांधा’, कव्हर ‘चिकटवा’, कठडा ‘अडकवा’. वाचून स्वतःवरच खूश होऊन त्यांनी चहा टाकला. चहा उकळतोय तोवर फोन आला.

फोन भाषांतराच्या कचेरीतल्या समन्वयक मुलीचा. ही मुलगी पत्रककारांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण तिचा ‘सर’ ऐकला की आता वाईट बातमी आहे का फार वाईट, हे त्यांना कळायचं.

“सर, तुमच्या ओळी लाल आल्यात.”

“कुठल्या?”

“कुठल्या नाही आल्या ते सांगू का? ते लवकर होईल.”

लाल ओळीचं प्रकरण असं, की कचेरीत एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द ठरवून सिस्टीममध्ये कोंबलेला असतो. कधीकाळी कुणीतरी ‘अटॅच म्हणजे जोडा’ असं ठरवून टाकलं आणि नोकरी सोडून निघून गेलं. आता इंग्रजीत अटॅच असेल तिथे मराठीत ‘जोडा’ दिसला नाही, की ओळ लाल होते. आणि लाल ओळ असलेली फाइल पुढे सरकतच नाही.

“अगं, चाक बसवतात, पट्टा बांधतात, कव्हर चिकटवतात, कठडा अडकवतात. ही वेगवेगळी कामं आहेत.”

“हो सर. पण इंग्रजीत एकच आहे ना.”

“त्यांना भागत असेल एकात. आपल्याकडे प्रत्येक कामाला हात वेगळा हलतो.”

“सर, हात सिस्टीमला दिसत नाहीत.”

त्या दिवशी चहा उतू गेला. पत्रककार चिडले की मेल लिहितात. त्यांनी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून एक खणखणीत मेल लिहिला. ‘अटॅच या क्रियापदाचे विविध अर्थ व त्यांस अनुरूप मराठी क्रियापदे’ असं रीतसर टिपण तयार केलं, उदाहरणं दिली, आणि मेलच्या शेवटी लिहिलं : ‘सोबत जोडलेलं टिपण शांतपणे वाचावं ही विनंती.’ पाठवून दिल्यावर त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

सकाळी उत्तर आलं. ‘सर, टिपण अटॅच केलेलं नाही.’

बायको इतकी हसली, की तिला स्वतःचाच चष्मा काढून पुसावा लागला.

आता एवढं सगळं एका शब्दासाठी कशाला, असं कुणालाही वाटेल. कचेरीला वाटतच होतं. पण पत्रककार त्या पलंगाची एकेक ओळ लिहायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नाना असायचे. नाना म्हणजे त्यांचे वडील.

नाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन जिने चढून जावं लागतं अशा खोलीत एकटे राहायचे. आई गेल्यावर ‘इकडे या’ म्हणून किती वेळा सांगितलं, पण आले नाहीत. मग न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरला, मनगट मोडलं, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत म्हणून आले. प्लास्टर निघालं. आता नानांनी जाहीर केलं होतं, की पहिल्या तारखेला मी माझ्या खोलीवर जातो.

पत्रककारांना हे मुळीच मंजूर नव्हतं. कारण रोज सकाळी ते बघत होते. नाना बाहेरच्या खोलीत, बुटक्या दिवाणावर झोपायचे. उठताना आधी भिंतीला हात, मग टेबलाला हात, मग दोन्ही गुडघ्यांना हात, आणि मग कुणीतरी ‘नाना, थांबा’ म्हणत धावायचं. बाहेरचा संडास बोळाच्या टोकाला, त्यालाही एक पायरी. इथे माणसं होती म्हणून बरं. तिकडे दोन जिने आणि चिटपाखरू नाही.

“नाना, आमची आतली खोली घ्या,” एकदा पत्रककार म्हणाले होते. “ती अटॅच आहे.”

नानांनी हातातला पेला खाली ठेवला. “कुणी केली? कशापायी?”

कारण नाना जन्मभर कोर्टात बेलीफ होते. त्यांच्या लेखी अटॅच म्हणजे जप्ती. दुसरा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता असं नाही, पण दुसरा कुठलाही अर्थ त्यांनी कधी स्वतःच्या हातानं केला नव्हता. कोर्टाचा हुकूम घ्यायचा, खळीचा डबा घ्यायचा, बुडालेल्या माणसाच्या घरी जायचं आणि कपाटाला, पंख्याला, शिवणयंत्राला कागद चिकटवून यायचं. लोक रडायचे, शिव्या द्यायचे. एका बाईनं तर तो कागद वाळायच्या आत फाडून यांच्याच खिशात कोंबला होता. नानांनी तो शांतपणे बाहेर काढला, पुन्हा खळ लावली आणि पुन्हा चिकटवला.

या नोकरीत त्यांनी स्वतःपुरता एक नेम केला होता. ज्या घरात कामाला गेलो तिथल्या खुर्चीवर बसायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही, तिथल्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही. हात लावायचा तो फक्त कागद चिकटवायला. दुसऱ्याचा माल तो दुसऱ्याचा माल.

नोकरी सुटली, नेम काही सुटला नाही. मुलाच्या घरातसुद्धा नाना खुर्चीच्या अगदी कडेला बसायचे, आता कुणी ऊठ म्हणेल तर पटकन उठता यावं असे. चहाचा कप स्वतः विसळून पालथा घालायचे. आणि त्यांची कापडी पिशवी दाराशी तशीच भरलेली. रोज सदरा तिच्यातून काढायचे, वाळला की घडी करून तिच्यातच ठेवायचे. टॉवेलसुद्धा तिच्यातच.

“नाना, जरा मागे टेकून बसा ना,” पत्रककार म्हणायचे.

“बसलोय की.”

“हे बसणं आहे का? पाहुणे बसतात असं.”

“पाहुणा नाही का मी?”

यावर पत्रककार आत जाऊन बायकोला म्हणायचे, “हा माणूस माझा बाप आहे का माझ्यावर जप्ती घेऊन आलाय?” आणि बायको म्हणायची, “हळू बोला. ऐकू चांगलं येतं त्यांना.”

तर असं होतं. म्हणून तो पलंग. म्हणून तो कठडा. ‘कठडा पलंगाला जोडा’ असं लिहायचं आणि कुणाच्या तरी घरी कुणाचे तरी नाना तो धरून उठायला जाणार, आणि तो कसा जोडलाय हे देवाला ठाऊक! पत्रककारांनी हट्टच धरला, की मला तो पलंग डोळ्यांनी बघू द्या, मग मी सांगतो काय लिहायचं ते. समन्वयक मुलीनं हात टेकले असावेत. कारण एका दुपारी दोन हमालांनी एक भलंमोठं खोकं दारात आणून टाकलं.

खोकं उघडलं. लाकडी चौकटीवर कंपनीचा ठळक कागद चिकटवलेला : ‘नमुना. विक्रीसाठी नाही.’

नानांनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. ते हात नंतर सुटले ते थेट अपघाताच्या वेळी.

“नाना, हा पलंग तुमच्या उंचीचा आहे. उभा केला की जरा बसून बघा.”

“कागद आहे त्याच्यावर.”

“तो कंपनीचा कागद आहे हो, कोर्टाचा नाही!”

“कागद तो कागद,” नाना म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

पत्रककारांनी बाह्या सरसावल्या. बायकोच्या हातात पत्रक दिलं. कचेरीला हवं तसंच ठेवलेलं, सगळीकडे ‘जोडा’ असलेलं. त्यांना आज सिद्ध करायचं होतं, की हे वाचून पलंग उभा राहूच शकत नाही.

“वाच.”

“चाक पायाला जोडा.”

“कसं?”

“कसं ते नाही लिहिलं.”

“बघितलंस? तेच तर म्हणतोय मी!”

“अहो, पण लिहिलंय तुम्हीच.”

“मी नाही लिहिलं. माझ्याकडून लिहून घेतलं.”

चाकं बसली. त्यातलं एक उलटं बसलं, ते काढताना स्क्रू दिवाणाखाली गेला, स्क्रू शोधायला पत्रककार दिवाणाखाली गेले, आणि बाहेर येताना त्यांच्या डोक्याला टेबल लागलं. टेबलाखालची घडी निसटली. नाना खुर्चीवरून बघत होते. “टेबल डुगडुगायला लागलं,” त्यांनी फक्त नोंद केल्यासारखं सांगितलं.

“पट्टा गादीला जोडा,” बायकोनं वाचलं.

“बांध. बांध म्हणायचंय त्याला.”

“मग बांधा म्हणा की.”

“म्हणू देत नाहीत ना!”

घामानं सदरा पाठीला चिकटला. शेवटी राहिला कठडा. पत्रककारांनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. कठड्याला दोन आकडे होते आणि चौकटीला दोन खाचा. आकडे खाचांत अलगद गेले. ते वळले आणि जणू सगळी कचेरी समोर बसली आहे असे बोलले, “हे बघ. काय केलं मी? अडकवला. मी लिहिलं होतं ना, अडकवा? शेंबडं पोरसुद्धा हेच म्हणेल. पण नाही! जोडा म्हणे जोडा! नाना, नीट बघा हं. तुम्ही असे उठणार. आधी पाय खाली, मग हा हात कठड्यावर, आणि सगळा भार...”

पत्रककारांनी सगळा भार टाकला. कठडा खाचांतून सुटला आणि पत्रककार कठड्यासकट जमिनीवर आले. असा धप्पकन आवाज झाला, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, “काय पडलं हो?”

“आम्हीच,” बायको ओरडली.

आणि तेवढ्यात पत्रककारांच्या खांद्याला एक हात लागला. नानांचा. भिंत नाही, टेबल नाही, गुडघे नाहीत, नाना खुर्चीवरून कुणाची वाट न बघता तडक उठले होते आणि मुलावर वाकले होते. “लागलं का रे बाळा? हलू नकोस. कंबर हलतेय का बघ आधी.” बाळाचे केस पिकले होते आणि बाळाच्या मांडीवर दोन आकड्यांचा कठडा होता.

“हलतेय,” पत्रककार कण्हत म्हणाले.

कंबर शाबूत आहे असं कळल्यावर नाना हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मुलाच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा.

बायकोनं मात्र कठडा उचलला, पुन्हा खाचांत घातला आणि दोन्ही तळहातांनी वरून दाबला. टक् असा आवाज झाला. तिनं कठडा गदागदा हलवला. तो हलेना.

“हे काय आहे?” ती म्हणाली. “नुसता अडकवून नाही चालत. वरून दाबायचा होता.”

“कुठं लिहिलंय दाबायचा?”

“तेच तुम्हाला विचारतेय. कुठं लिहिलंय?”

पत्रककारांनी पत्रक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. ज्या शब्दासाठी त्यांनी इतके दिवस जीव टाकला, मेल लिहिले, चहा उतू घालवला, तो त्यांचा लाडका ‘अडकवा’ छापला गेला असता, तरी कुणाचे तरी नाना पडलेच असते. कचेरीचा ‘जोडा’ अपुरा होता हे खरंच. पण यांचा शब्दही पडायच्याच कामाचा होता. ते जमिनीवरून उठले नाहीत. तिथेच बसून समन्वयक मुलीला फोन लावला. संताप कुणावर काढायचा हे आता नीट ठरत नव्हतं, म्हणून तो सवयीनं कचेरीवर निघाला.

“पडलो मी. तुझ्या त्या जोडानं.”

“अरे देवा! सर, लागलं का?”

या प्रश्नाची तयारी पत्रककारांनी केली नव्हती. “थोडंसं,” ते नरमले. “बरं ते असू दे. मला सांग, ‘टक् असा आवाज येईपर्यंत खाली दाबून जोडा’ असं लिहिलं तर लाल होईल का?”

“नाही सर.”

“नाही?”

“जोडा शब्द आहे ना त्यात. मग नाही होत लाल. त्याच्या आधी काय लिहिलंय ते सिस्टीम बघत नाही.”

“म्हणजे फिरवून जोडा, गाठ मारून जोडा, दाबून जोडा... हे सगळं चालतं?”

“चालतं की.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“सर, तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही मला अर्थ समजावून सांगत होता.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. पत्रककारांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. त्याच दिवशी दुखऱ्या कमरेला उशी देऊन त्यांनी सगळं पत्रक नव्यानं लिहिलं, आणि या वेळी फाइल अटॅच केली आहे ना हे दोनदा तपासलं. एकही ओळ लाल आली नाही. फक्त दोन दिवसांनी निरोप आला, की ओळी लांबल्यामुळे मजकूर कागदावर मावत नाही, तेव्हा कंपनी अक्षरं बारीक करणार आहे.

“किती बारीक?”

“तशी दिसतील सर. प्रयत्न केला तर.”

म्हाताऱ्यांच्या पलंगाचं पत्रक मुंगीच्या अक्षरात! पत्रककारांनी कपाळावर हात मारला. “असू दे हो,” बायको म्हणाली, “आमच्या दुकानाला चार गिऱ्हाइकं वाढतील.”

पलंग मात्र उभा होता. नाना त्याच्याजवळून जायचे, कठड्याकडे बघायचे, आणि हात पाठीमागे बांधून पुढे सरकायचे. “परत कधी न्यायचाय हा?” रोज विचारायचे. पहिली तारीख तोंडावर आली होती. पत्रककारांनी समजूत घातली, रागावले, एकदा तर डोळ्यांत पाणी आणून बघितलं. नाना म्हणाले, “रडून कागद निघत नसतो.” हे त्यांनी किती घरांत ऐकवलं असेल कुणास ठाऊक.

शेवटी पत्रककारांनी कचेरीला फोन करून पलंग घेऊन जा म्हणून सांगितलं. निदान ती रोजची उलटतपासणी तरी थांबेल.

“सर, कंपनी म्हणते परत नको. उघडलेला माल ते घेत नाहीत. राहू दे तुमच्याकडेच.”

पत्रककारांनी सरळ फोन नानांच्या कानाला लावला.

नाना ताठ झाले. आवाज बदलला. “बाई, आपण कोण बोलताय? हुद्दा काय आपला?”

तिनं सांगितला.

“माल कोणता ते सांगा.”

“पलंग, आजोबा.”

“नुसता पलंग असं नाही चालत. चाकं, फळी, गादी, कव्हर, पट्टे, कठडा. सगळं मोकळं केलं?”

“सगळं मोकळं केलं, आजोबा.”

“कुणाच्या नावे?”

मग ती मुलगी म्हणाली, “तुमच्या नावे.”

नानांनी फोन परत दिला. मग स्वयंपाकघरातून वाटीत पाणी घेऊन आले. हात पाठीमागे नव्हते. त्यांनी बोटं पाण्यात बुडवली आणि ‘नमुना. विक्रीसाठी नाही’ या कागदाच्या कडेनं फिरवत राहिले, कागद मऊ होईपर्यंत.

“नाना, मी खरवडून काढतो ना चाकूनं.”

“चाकू नको. लाकडावर ओरखडा येतो. कागद लावणाऱ्याला ठाऊक असतं तो कसा निघतो ते.” ते कोपरा नखानं उचलत म्हणाले, “जन्मभर लावले रे. काढायचा हुकूम कधी माझ्या हाती दिला नाही कुणी. लावायला बेलीफ, काढायला भलताच कुणीतरी.”

कागद अखंड निघाला. नानांनी तो हातात धरून बघितला, घडी केली, खाली वाकले आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. मग कठड्याला हात लावून, जपून, पलंगावर बसले. कडेला नाही, चांगले मागे सरकून.

पलंग आतल्या खोलीत गेला. पत्रककार आणि बायको बाहेर दिवाणावर आले. झोपायच्या खोलीला संडास चिकटलेला, हे नानांना अजूनही पसंत नव्हतं. “त्याचं दार बंद राहतं ना घट्ट?” एवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं. पिशवीबद्दल कुणी बोललं नाही. ती दाराशीच होती, भरलेली.

पहिल्या तारखेला सकाळी पत्रककार दिवाणावरून उठायची खटपट करत होते. आधी भिंत, मग टेबल, मग गुडघे. इतक्यात आतून कठडा दाबून बघितल्याचा टक् असा आवाज आला आणि नाना तरातरा बाहेर आले.

“माझी पिशवी कुठाय?”

पिशवी जिथे होती तिथेच होती. नानांनी ती उचलली. पत्रककार अर्धवट उठलेल्या अवस्थेत गुडघे धरून बघत राहिले. इतका आटापिटा केला, कंबर मोडून घेतली, आणि निघाले!

नानांनी पिशवीत हात घालून टॉवेल काढला. “त्या आतल्या मोरीत टॉवेल अडकवायला काही नाही रे. रोज काय पिशवीतून काढायचा आणि पिशवीत घालायचा? एखादा हुक लावून दे.”

पत्रककार उठले. कसे उठले ते त्यांनाही कळलं नाही. खालच्या दुकानात धावत जाऊन हुकाचं पाकीट घेऊन आले. पाकिटात हुक होता, एक स्क्रू होता, एक चिकटपट्टी होती आणि एक इवलंसं पत्रक होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग बायकोला हाक मारून तिचा चष्मा मागितला.

पत्रकात एकच ओळ होती. ‘हुक भिंतीला जोडा.’

“कसा?” पत्रककार किंचाळले. “अरे कसा? चिकटवू का ठोकू? कुणी लिहिलंय हे? कोण आहे हा माणूस?”

“अहो, तुम्हीच असाल,” बायको म्हणाली.

नाना टॉवेल खांद्यावर टाकून मोरीच्या दारात उभे होते. “सावकाश कर रे,” ते म्हणाले. “मला कुठं जायचंय?”